उजव्या कोपरातला अंधार

सांगलीतल्या एका कॉलेजचं गॅदरिंग होतं. लायटिंग माझं. शेवटचा आयटम म्हणजे काळ्या कपड्यांतली आठ पोरं, कपड्यांवर शिवलेली ईएल वायर (वीज दिली की अख्खी उजळणारी बारीक वायर) आणि स्टेजवर मिट्ट काळोख. दिसणार फक्त चमकत्या रेषांची माणसं. संध्याकाळी पाचला ग्रीनरूममधून एक पोरगा धावत आला.

"काका, माझा निम्मा माणूस गेला!"

खरंच गेला होता. खिशातल्या बॅटरीच्या डबीपासून खांद्यावरून उजव्या कोपरापर्यंत निळी रेघ, पुढे सगळा अंधार. आम्ही एका सूटला सलग पाच मीटरची एकच वायर फिरवली होती. तो माझाच आळस. दोन तुकडे केले असते तर जोडकाम वाढलं असतं.

ही वायर म्हणजे एलईडीची माळ नव्हे. पहिल्यांदा आणली तेव्हा मी तिला एलईडी पट्टीचा बारा व्होल्टचा अडाप्टर लावला आणि पेटेना म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या. मधे तांब्याची तार, तिच्यावर फॉस्फरचा, म्हणजे चमकणाऱ्या पुडीचा, लेप, लेपावर गुंडाळलेल्या केसाएवढ्या दोन तारा आणि वरून प्लॅस्टिक. आतली तार आणि बाहेरच्या तारा एकमेकींना कुठेही टेकत नाहीत. थोडक्यात, हा लांबच लांब कपॅसिटर. डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, ढिम्म. खिशातली डबी दोन पेन्सिल सेलच्या तीन व्होल्टचे शंभरेक व्होल्ट एसी करते, तेही हजार-दोन हजार हर्ट्झचे, तेव्हा कुठे लेप उजळतो. (१९३६ साली फ्रान्समध्ये देस्त्रिओनं हाच प्रकार पहिल्यांदा पाहिला. झिंक सल्फाइडची पूड एरंडेल तेलात कालवून! आपल्याकडे एरंडेल म्हटलं की वेगळंच आठवतं.)

डबी कानाशी धरली. बाकी सातही डब्या एका सुरात कण्हत होत्या, ही मात्र वरच्या पट्टीत. लोड, म्हणजे डबीला पेटवायची वायर, कमी झाला की डबीची फ्रिक्वेन्सी चढते. म्हणजे डबी ठणठणीत, वायरच तुटलेली. महिनाभराच्या तालमीत कोपर हजारदा दुमडलं होतं. केसाएवढ्या तारा किती सोसणार?

मोकळी टोकं हाताळताना डबी बंद करायला विसरलो. चावली. मारत नाही, पण सणकन जाते. पोरगं हसलं.

दुमडलेला भाग कापून टाकला. खरं काम पुढेच. ब्लेड जरा जोरात फिरलं की प्लॅस्टिकबरोबर त्या केसासारख्या ताराही कापल्या जातात. तीनदा कापल्या. चौथ्यांदा चष्मा कपाळावर सारून, मोबाइलच्या टॉर्चखाली, तारा सोलल्या आणि उलट्या दुमडून प्लॅस्टिकवर घेतल्या. त्यांच्यावर तांब्याची टेप गुंडाळून टेपलाच सोल्डर मारलं. नुसत्या तारांना सोल्डरिंग आयर्न लावलं तर त्या जळूनच जातात. मधल्या तारेवरचा लेप नखाने खरवडला, ती जोडली, तापवली की आवळणारी श्रिंक स्लीव्ह चढवली. मीटर लावला. आतल्या-बाहेरच्या तारेत बीप नाही, म्हणजे शॉर्ट नाही. वीतभर तुकडा गेला होता, पण कोपराशी ठेवलेला झोल नेमका तेवढाच होता.

आठ वाजून दहा मिनिटं. प्राचार्य म्हणाले, समोरचे दोन लाइट मंद ठेवा, अंधारात पोरं हुल्लड करतात. मी म्हटलं, सर, मंद उजेडातही ही वायर मेलेल्या सुतळीसारखी दिसते, हवं तर नाच रद्द करा. ते गप्प बसले. मी लाइटचा फेडर खाली ओढला.

आठही माणसं उभी राहिली. माझ्या जोडाच्या जागी दोन इंचांचा काळा पट्टा राहिला होता. त्या पोराचा हात वळला की लाकडी बाहुलीसारखा सांधा दिसायचा. मी डोळे मिटून घेतले.

नाच संपल्यावर कोरिओग्राफर धावतच आली.

"काका, पुढच्या वेळी सगळ्यांच्याच कोपराला तो गॅप द्याल?"