सगळे व्होल्टेज बरोबर, आवाज तेवढा नाही

माझा पहिला ॲम्प्लिफायर त्या दिवशी दुपारी ‘तयार’ झाला. एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (बेस, कलेक्टर आणि एमिटर हे त्याचे तीन पाय), नऊ व्होल्टची बॅटरी आणि रेझिस्टर: बेसला ४७ के आणि १० के (के म्हणजे हजार ओहम), कलेक्टरला ४.७ के, एमिटरला १ के. ब्रेडबोर्डवर वायरींचं जंजाळ झालं होतं, पण मल्टिमीटर लावला आणि जीव सुखावला. बेसवर १.५५ व्होल्ट, एमिटरवर ०.९१, कलेक्टरवर ४.७२. कागदावर केलेल्या गणिताच्या अगदी जवळ. कलेक्टर बॅटरीच्या साधारण निम्म्यावर हवा, म्हणजे सिग्नलला वर-खाली हलायला जागा मिळते, एवढं मला तोवर कळलं होतं.

कलेक्टरला कपॅसिटर (स्थिर व्होल्टेज अडवून फक्त हलणारा सिग्नल पुढे सोडणारा), कपॅसिटरला ८ ओहमचा स्पीकर, मोबाइलवर गाणं सुरू.

शांतता. कान स्पीकरला चिकटवला तर आत डास गुणगुणल्यासारखं काहीतरी.

पुढचे दोन तास मी ट्रान्झिस्टर बदलले (तीन), वायरी बदलल्या, बॅटरीवर संशय घेतला. प्रत्येक वेळी मीटर तेच सांगायचा, सगळं ठीक आहे. त्या मीटरचा मला रागच यायला लागला. शेवटी दादाला फोन केला.

“दादा, सगळे व्होल्टेज बरोबर येताहेत रे.”

“स्पीकर कुठे लावलायस?”

“कलेक्टरला.”

तो हसला. “मोबाइलवरून नुसता टोन सोड, मीटर एसीवर टाक. आधी स्पीकर काढून मोज, मग लावून मोज.”

इनपुटला ०.२ व्होल्ट होते. स्पीकर काढल्यावर आउटपुटला ०.९ च्या आसपास. म्हणजे साडेचार पट! माझा ॲम्प्लिफायर दुपारपासून इमानेइतबारे काम करत होता. स्पीकर लावला आणि आकडा शून्यावर आपटला.

मल्टिमीटर सर्किटमधून जवळजवळ काहीच ओढत नाही, म्हणून त्याला सगळं छान दिसतं. ८ ओहमचा स्पीकर मात्र ४.७ के मागून येणारा तुटपुंजा करंट सरळ जमिनीत मुरवतो. व्होल्टेज वाढवणं आणि करंट पुरवणं ही दोन वेगळी कामं, आणि दुसऱ्यासाठी मी कुणाला नेमलंच नव्हतं.

मग आणखी एक बीसी ५४७ आणि त्याचा उलट्या जातीचा भाऊ बीसी ५५७ अशी जोडी बसवली (एक सिग्नलचा वरचा भाग सांभाळतो, दुसरा खालचा), दोघांचे बेस पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला, दोघांचे एमिटर एकत्र, तिथून कपॅसिटर आणि स्पीकर. आवाज आला! पण कसा, तर फाटक्या पत्र्यावर वाळू घासावी तसा. मोबाइलचा आवाज थोडा कमी केला की गाणं बारीक होण्याऐवजी गायबच. एक ट्रान्झिस्टर बंद होतो आणि दुसरा सुरू व्हायला बेसवर ०.६ व्होल्ट मागतो. मधल्या फटीत दोघंही झोपलेले. दोन बेसच्या मध्ये १एन४१४८चे दोन डायोड टाकले. डायोडवर पडणाऱ्या व्होल्टेजने ती फट भरली, दोघंही कायम अर्धवट जागे राहिले आणि खरखर गेली. हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण फरक मोजावा लागला नाही, ऐकू आला.

२३ डिसेंबर १९४७ ला बेल लॅब्जमध्ये बार्डीन आणि ब्रॅटेन यांनी आपला पहिला ट्रान्झिस्टर सहकाऱ्यांना दाखवला, तेव्हा त्यातून माणसाचं बोलणंच मोठं करून ऐकवलं होतं. मी काही नवं केलं नव्हतं, तरी रात्री अकरा वाजता मी एकटाच टाळी वाजवली.

तरीही गायकाचा आवाज डब्यातून आल्यासारखा पातळ होता. टॉर्च मारून कपॅसिटरवरचं बारीक अक्षर वाचलं. ४७०च्या जागी ४७ मायक्रोफॅरड. ८ ओहमला तो साधारण ४२० हर्ट्झच्या खालचं सगळं कापत जातो. ४७० लावला की ती रेघ ४२ वर येते. बदलला, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.