हिरवा रंग उतरवला

रविवार, रात्र

आज माझे बारा चिमुकले घोडेस्वार पुतळे रंग काढायच्या द्रवात बुडवले आणि जुन्या टूथब्रशने त्यांचा हिरवा रंग खरवडून काढला. तीन रविवार गेले होते त्या हिरव्यात. हात दुखतोय, पण आता बरं वाटतंय.

ही सुलतान सलाहुद्दीनची फौज, ११८७ची, क्रुसेडरांविरुद्धच्या हत्तीनच्या लढाईतली. एकेक स्वार जेमतेम २८ मिलिमीटरचा. सुरुवातीला मी फारसा विचारच केला नाही. मुसलमानी फौज म्हणून हिरवे अंगरखे, हिरवी निशाणं. मग वाचायला बसले. इजिप्तमध्ये पैगंबरांच्या वंशजांनी पागोट्याला हिरवी खूण लावावी, असा हुकूम सुलतान शाबानने काढला तो १३७१च्या सुमारास. म्हणजे हत्तीननंतर एकशे ऐंशीहून अधिक वर्षांनी! बगदादच्या अब्बासी खलिफांचा रंग काळा, कैरोच्या फातिमींचा पांढरा. सलाहुद्दीनने ११७१मध्ये कैरोतली फातिमी खिलाफत संपवली आणि बगदादच्या खलिफाच्या नावाने खुतबा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन, सुरू केला. त्याचं स्वतःचं निशाण मात्र पिवळं होतं. माझ्या बारा स्वारांत पिवळ्याचा एक ठिपकाही नव्हता.

आता रोज रात्री याह्या अल-वासिती या चित्रकाराची एका हस्तलिखितातली चित्रं बघते. हे १२३७चं बगदादकडचं हस्तलिखित सध्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात मिरवणुकीसाठी थांबलेल्या स्वारांचं एक चित्र आहे. निशाणं, कर्णे, नगारे, सगळं दाटीवाटीने. सगळ्यांचे अंगरखे एका रंगाचे नाहीत. गणवेश हा शब्दच डोक्यातून काढायला हवा. त्या पानांवरच्या माणसांच्या दंडांवर सोनेरी पट्टे दिसतात, तो तिराझ. खऱ्या तिराझवर अनेकदा खलिफाचं नाव विणलेलं असे. अमिरांच्या डोक्यावर शरबूश, म्हणजे फरची किनार असलेली, पुढे त्रिकोणी उठाव असलेली टोपी. माझ्या सरदाराला ती हवीच.

सगळ्यात जास्त वेळ मी चिलखतावर घालवला. चंदेरी रंगाची बाटली उघडून ठेवली होती, ती बंद केली. उसामा इब्न मुंकिध हा सीरियातला लढवय्या सरदार. आपल्या कझाघंदमध्ये, म्हणजे कापडात शिवलेल्या चिलखतात, काय काय होतं ते त्याने लिहून ठेवलंय: आत फ्रँकांचं, म्हणजे युरोपी क्रुसेडरांचं, कड्यांचं चिलखत, त्यावर कमरेपर्यंत आणखी एक, शिवाय नमदा, जाडंभरडं रेशीम, सशाची लव. बाहेरून दिसायचं ते कापडच. ११७६मध्ये अझाझच्या वेढ्यात मारेकऱ्याने सलाहुद्दीनच्या डोक्यावर सुरी चालवली, तेव्हा टोपीखालच्या कड्यांनी तो वाचला. लोखंड होतं, पण झाकलेलं. मग माझे स्वार धातूसारखे लखलखतील कसे? त्यांना कापडासारखंच रंगवायला हवं.

कापड म्हटलं की रंग आलेच: नीळ, मंजिष्ठा, करडई. कैरोजवळच्या जुन्या फुस्तात शहराच्या उकिरड्यांत गुजरातेत छापलेल्या सुती कापडाचे तुकडे सापडलेत, निळीचे आणि तांबडे. ते हत्तीनच्या फौजेच्या अंगावर होते असं मी म्हणणार नाही, पण त्यातला तांबडा मी डोळ्यांत साठवून घेतला. बाटलीतला लाल त्याच्यापुढे फार भडक वाटतो. थोडा तपकिरी मिसळला तेव्हा जमला.

करडईचं नाव आईच्या कानावर पडलं. "अगं, करडईच्या फुलांचा रंग उन्हात टिकत नाही," ती म्हणाली. "आजीच्या वेळी त्यात रंगवलेलं लुगडं सावलीतच वाळत घालायचे." मी लगेच गुलाबीत पांढरा आणि जरासा मातकट रंग घातला. हत्तीनला ऐन जुलैचं ऊन, महिनोन्महिने मोहिमेवर असलेला माणूस. त्याचा अंगरखा खांद्यावर विटलेला आणि घडीत गडद असणार. खांद्यावर दोनदा फिकट हात दिला, घड्यांत पातळ वॉश सोडला.

पहिल्या स्वाराचा गुलाबी झाला. आत्ता शून्य नंबरच्या ब्रशने दंडावर तिराझ ओढला. अक्षरं नाहीत, नुसते चार बारीक फराटे. अजून ओला आहे.