उरलेल्या एकोणीस गोळ्या

मंगळवार, रात्र

आज सकाळी औषधांचा डबा आवरताना हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनच्या गोळ्या मोजल्या. ल्युपससाठी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते त्या आजारासाठी, मला ती रोज एक घ्यायची असते. पंचेचाळीस दिवसांपूर्वी 45 आणल्या होत्या, त्यांतल्या 19 अजून शिल्लक होत्या. दुपारी तपासणीची वेळ ठरलेलीच होती. एरवी मी "नियमित घेते" असे सांगून विषय संपवला असता. आज मात्र ती पाकिटे पिशवीत घालून बरोबर नेली.

डॉक्टर मॅडमनी "वेळेवर घेता ना?" असे विचारले नाही. "गेल्या आठवड्यात किती दिवस गोळी राहून गेली?" असे त्यांनी विचारले. पहिल्या प्रश्नाला "हो" म्हणण्यावाचून गत्यंतर नसते; दुसऱ्या प्रश्नात गोळी राहून जाणे शक्य आहे हे आधीच मान्य केलेले असते. मागे एका डॉक्टरांनी "तुम्हालाच बरे व्हायचे नसेल तर आम्ही काय करणार?" असे सुनावले होते, आणि त्यानंतर दोन वर्षे मी कोणापाशीही खरे बोलले नव्हते.

मी विसरत नव्हते, हे आज प्रथमच मोठ्याने सांगितले. रात्री जेवण झाले की डबा समोर दिसायचा, पण उठून तो उघडण्याइतकेही मन उभे राहत नसे. ल्युपसचा थकवा मला नऊ वर्षांच्या ओळखीचा आहे. विश्रांतीने तो थोडा तरी हलतो. हे निराळे होते. आईचा फोन वाजत राहिला तरी तो घ्यावासा वाटत नसे.

हे औषध शरीरातून फार सावकाश उतरते. त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण 40 दिवस लागतात, त्यामुळे आठवडाभर गोळी घेतली नाही तरी दुसऱ्या सोमवारी सांधे तसेच असतात आणि गालांवरचा लालसर पट्टाही उमटत नाही. पुन्हा सुरू केल्यावर गुण दिसायलाही काही आठवडे, कधी महिने जातात. घेतल्याने काही होत नाही आणि न घेतल्यानेही काही होत नाही, असे खिन्न मनाला सहज पटते. आजार मात्र तेवढ्या काळात मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो, आणि लघवीतून जाणारी प्रथिने सुरुवातीला दुखत नाहीत की जाणवत नाहीत. प्रेडनिसोलोन या माझ्या दुसऱ्या औषधाचे, स्टिरॉइडचे, नेमके उलटे आहे: त्याचा गुण लवकर येतो, पण गोल झालेला चेहरा आरशात रोज दिसतो आणि झोप उडते. तरीही ते मी कधी चुकवले नाही, कारण ते एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते, हे पहिल्याच भेटीत कोणीतरी नीट समजावून सांगितले होते. तसे हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनच्या गोळीबद्दल कोणी सांगितले असते, तर कदाचित मी तिला इतके दुय्यम मानले नसते.

मॅडमनी नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. 27 पैकी 14 गुण आले, म्हणजे मध्यम नैराश्य. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांविषयी होता. तिथे पेन काही क्षण थांबले, आणि मी खरे तेच लिहिले. हे नैराश्य मेंदूवर झालेल्या ल्युपसच्या परिणामातून आले, स्टिरॉइडमुळे आले की इतक्या वर्षांच्या आजारपणातून, हे एका भेटीत ठरत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. रक्त आणि लघवी तपासायला दिली असून शुक्रवारी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. माझ्या 60 किलो वजनाला दिवसाला 300 मिलिग्रॅम हीच मात्रा राहील. राहिलेल्या गोळ्या भरून काढण्यासाठी जास्त घ्यायच्या नाहीत.

घरी आल्यावर यांना सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते, मग "मी रोज आठवण करू का?" एवढेच म्हणाले. मी नको म्हटले, कारण आठवण असतेच. फक्त जेवणानंतर दहा मिनिटे माझ्याजवळ बसा, असे सांगितले. आज ते बसले. गोळी घेतली. पाकिटात आता 18 आहेत.