जोड गळाला तर तुम्ही काय करता?

दादाच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला कर्करोगाची गाठ निघाली. आधी केमो आणि रेडिएशन, मग काही आठवडे थांबून ऑपरेशन, असं ठरलं. त्या मधल्या काळात वहिनी त्याचं खाणंपिणं आणि श्वासाचे व्यायाम बघत होती. ऑपरेशन कुठे करायचं याची चौकशी माझ्याकडे आली.

सगळे विचारतात तेच मीही विचारायला लागले. सर्जनचा हात कसा आहे, दुर्बिणीतून करतात का, घरी कधी सोडतात. दादाला केमो देणाऱ्या मॅडमनी माझी यादी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "हे विचाराच. पण जोड गळाला तर तिथे काय करतात, हेही विचारा. आणि रात्री गळाला तर कोण असतं, तेही."

जोड म्हणजे काय, हे त्यांनीच कागदावर काढून दाखवलं. अन्ननलिकेचा आजारी भाग काढून टाकतात. मग जठराची लांबट नळी करून ती छातीत किंवा मानेपर्यंत वर घेतात आणि उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. वर ओढलेल्या त्या नळीला रक्तपुरवठा मुख्यतः खालून येणाऱ्या एकाच धमनीचा असतो, त्यामुळे तिच्या वरच्या टोकाला, म्हणजे नेमकं जिथे जोड आहे तिथे, रक्त कमी पोचतं. म्हणून निष्णात हाताने घातलेला जोडही कधीकधी नीट भरून येत नाही. छातीतला जोड गळाला की लाळ आणि पोटातलं पाणी फुप्फुसाच्या भोवती आणि हृदयाच्या मागे साचतं, जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो. शिवाय ऑपरेशनच्या वेळी एक फुप्फुस बराच वेळ मिटवून ठेवलेलं असतं, त्यामुळे न्यूमोनियाची भीती असतेच.

घरी येऊन मी वाचायला बसले. २०१९ साली १४ देशांतल्या २४ मोठ्या केंद्रांची आकडेवारी प्रसिद्ध झाली होती, एकूण २,७०४ शस्त्रक्रियांची. हे काम नेहमी करणारी, नावाजलेली ही केंद्रं. तरी ५९ टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली होती. जोड गळण्याचं प्रमाण ११.४ टक्के, न्यूमोनियाचं १४.६ टक्के. पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोटात गोळाच आला. पुढची ओळ मी दुसऱ्यांदा वाचताना नीट पाहिली: ९० दिवसांत दगावलेले ४.५ टक्के. म्हणजे गुंतागुंत निम्म्याहून जास्त लोकांना झाली, आणि त्यातले बहुतेक त्यातून बाहेर आले.

मग प्रश्न असा, की हे सगळीकडे असंच होतं का? तर नाही. अमेरिकेतल्या १९९० च्या दशकातल्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २००२ साली आला. हे ऑपरेशन फार क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचं प्रमाण २०.३ टक्के होतं आणि सर्वांत जास्त करणाऱ्यांत ८.४ टक्के. २००९ चा दुसरा अभ्यास फक्त अन्ननलिकेचा नाही, पोटाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या मोठ्या ऑपरेशनांचा आहे, पण मला सगळ्यात जास्त त्यानेच शिकवलं. सर्वांत कमी मृत्यू असलेल्या रुग्णालयांत गुंतागुंत २६.९ टक्के लोकांना झाली, सर्वांत जास्त मृत्यू असलेल्यांत २४.६ टक्के. फरक जवळजवळ नाहीच. पण मोठी गुंतागुंत झाल्यावर दगावणाऱ्यांचं प्रमाण एकीकडे १२.५ टक्के, तर दुसरीकडे २१.४. याला वैद्यकशास्त्रात १९९२ पासून 'फेल्युअर टू रेस्क्यू' म्हणतात: संकट आलं आणि रुग्णाला त्यातून बाहेर काढता आलं नाही. नेदरलँड्समध्ये तर वर्षाला अन्ननलिकेची किमान १० ऑपरेशनं करणाऱ्या रुग्णालयातच ती करायची, असा दंडक २००६ मध्ये आला आणि २०११ मध्ये तो २० वर गेला. नुसत्या संख्येने सगळं ठरतं असं मी म्हणणार नाही. पण ज्या वॉर्डाने गळलेले जोड पुष्कळ पाहिलेत, तो पुढचा लवकर ओळखतो, हे मला पटतं.

एवढं डोक्यात घेऊन मी विचारायला गेले. एका रुग्णालयातल्या सर्जनची ख्याती मोठी होती आणि ती खरीच असणार. जोडाचं विचारल्यावर ते म्हणाले, "आमच्याकडे तसं होत नाही, तुम्ही काळजी करू नका." रात्री सीटी स्कॅन होतो का, हे विचारल्यावर रिसेप्शनवर चौकशी करायला सांगितलं. मी बाहेर पडले ती काळजी वाढवूनच. दुसऱ्या ठिकाणच्या सर्जनबाईंनी उलट मलाच थांबवून सांगितलं, की दहातल्या एखाद्याचा जोड त्यांच्याकडेही गळतो. मग त्यांनी क्रम सांगितला. सीआरपी, म्हणजे जंतुसंसर्ग झाला की वाढणारा रक्तातला घटक, रोज बघतात. शंका आली की वाट न बघता सीटी, रात्र असो की सुट्टी. गरज पडली तर एन्डोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आतून तपासणी, करणारे डॉक्टर घरून येतात. बाहेरून सुई घालून पू काढणारा रेडिओलॉजिस्ट आहे. आयसीयूला स्वतःचा डॉक्टर चोवीस तास आहे. हे बोलताना त्या जराही अडखळल्या नाहीत. दादाने विचारलं, "मग काय ठरलं?" मी म्हटलं, "जिथे गळतो म्हणाले, तिथे जायचं." तो हसला, पण लगेच हो म्हणाला.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. पहिले काही दिवस बरे गेले. दादाला खुर्चीत बसवत, चालवत, श्वासाच्या व्यायामाचं तीन छोट्या चेंडूंचं ते यंत्र तोंडात धरून श्वास ओढायला लावत. तोंडाने काही द्यायचं नव्हतं, पण ऑपरेशनमध्येच लहान आतड्यात एक बारीक नळी घातलेली होती आणि तिच्यातून पंपाने आहार चालू होता.

आठवडा पुरा व्हायच्या आत त्याचं बिनसलं. कसं, ते सविस्तर लिहिते, कारण नातेवाइकांना हे ओळखता यायला हवं. ताप फारसा नव्हता. दादा म्हणत होता, "जरा दमल्यासारखं वाटतंय, बाकी काही नाही." संध्याकाळच्या पाळीच्या सिस्टरने मात्र मॉनिटरकडे दोनदा पाहिलं, मग मनगट हातात धरून स्वतः नाडी मोजली. ठोके नव्वदीतून सव्वाशेच्या घरात गेले होते आणि पडत होते अनियमित. तिने टॉर्च मारून छातीतल्या नळीच्या, म्हणजे ड्रेनच्या, बाटलीकडे पाहिलं. दुपारपर्यंत फिकट लालसर असलेलं पाणी गढूळ, मातकट झालं होतं. तिने बाटलीवर वेळ लिहिली, रेषा मारली आणि वरिष्ठांना थेट फोन लावला. "ठोके अनियमित आहेत, ड्रेनचा रंग बदललाय, सकाळचा सीआरपी कालच्यापेक्षा वर आहे," एवढंच बोलली. कोणी तिला "सकाळी राउंडला बघू" म्हणालं नाही. मला वाटतं दादा वाचला तो इथेच.

त्याच रात्री सीटी झाला. जोडाच्या शेजारी छातीत हवा आणि पाणी साचलेलं दिसलं. अँटिबायोटिक बदललं, ठोक्यांवर औषध सुरू झालं. सकाळी एन्डोस्कोपी झाली. ती करताना डॉक्टर दोन गोष्टी बघतात: भोक केवढं आहे, आणि वर घेतलेली जठराची नळी जिवंत गुलाबी आहे की काळी पडलीय. काळी असती तर ताबडतोब पुन्हा ऑपरेशन करावं लागलं असतं. ती गुलाबी होती. सर्जनबाईंनी बाहेर येऊन आम्हाला पायऱ्या समजावल्या. काही गळती औषधांवर आणि उपास ठेवून भरते, काहीला एन्डोस्कोपीतून किंवा सुईने उपाय करावा लागतो, काहीला पुन्हा ऑपरेशन. दादा मधल्या गटात होता.

त्याला स्पंज बसवला. गळतीच्या पोकळीत एन्डोस्कोपीतून स्पंजचा तुकडा ठेवतात. त्याची नळी नाकातून बाहेर येते आणि सक्शनच्या मशीनला जोडतात. ते सतत आतली घाण ओढत राहतं आणि पोकळी हळूहळू आकसते. दर तीन-चार दिवसांनी स्पंज बदलावा लागतो, म्हणजे दर वेळी पुन्हा एन्डोस्कोपी. हे काम नेटाने करायचं तर एन्डोस्कोपीची टीम हाताशी हवी आणि वॉर्डात मशीनवर नजर हवी. सक्शन सुटलं तर सगळं आतच साचतं. सिस्टर प्रत्येक पाळीत डायलवरचा दाब वाचून लिहीत. वहिनीही तो वाचायला शिकली, आणि एकदा रात्री काटा खाली आलेला तिनेच दाखवला.

याच दिवसांत आयसीयूबाहेर एका मुलीशी ओळख झाली. तिच्या वडिलांचं हेच ऑपरेशन दुसरीकडे झालं होतं, सर्जनही अनुभवी. त्यांनाही ठोके वाढण्यापासूनच सुरुवात झाली होती. ते छातीतल्या कफामुळे वाढलेत असं धरून काही दिवस औषधं दिली गेली. मध्ये सुट्ट्या आल्या, एन्डोस्कोपी करणारं कोणी नव्हतं. इथे आणलं तेव्हा छातीत पू भरला होता आणि मूत्रपिंडं थकली होती. त्यांना पुन्हा ऑपरेशन लागलं, अन्ननलिकेचं वरचं टोक मानेवर बाहेर काढावं लागलं. ते आयसीयूतून बाहेर आले, पण तोंडाने खाण्यासाठी त्यांना आणखी एक मोठं ऑपरेशन व्हायचं होतं. आजार तोच, गुंतागुंत तीच. ती मुलगी मला विचारायची, "आम्ही लवकर आणलं असतं तर?" मी तिला सांगायचे की घरच्यांनी हे ओळखायचं नसतं, ते ओळखण्यासाठीच माणूस तिथे ठेवलेला असतो. आजही माझं मत तेच आहे.

दादाचा जोड भरला. त्यानंतर तो अरुंद झाला. गळालेल्या जोडाचं असं पुष्कळदा होतं. म्हणून अधूनमधून फुग्याने रुंद करून घ्यावा लागतो. थोडं थोडं, सावकाश खातो, उशाकडून पलंग उंच ठेवून झोपतो.

ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांनी वरचे प्रश्न बेधडक विचारावेत. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. आणि ज्यांचं माणूस आत्ता कुठेतरी ॲडमिट आहे, ठोके वाढलेत, श्वास लागतोय, आणि सीटी किंवा एन्डोस्कोपीची सोय तिथे नाही, त्यांनी हलवण्याबद्दल त्याच दिवशी बोलावं, तब्येत हाताबाहेर जायची वाट बघू नये. मोठ्या केंद्राशी डॉक्टरांनी डॉक्टरांशी बोलावं असा आग्रह धरा. बरोबर ऑपरेशनची नोट न्या, कारण जोड छातीत आहे की मानेत हे तिच्यात नेमकं लिहिलेलं असतं. सीटीची सीडी, ड्रेनचा रोजचा तक्ता, जंतूंच्या तपासणीचे रिपोर्ट आणि कोणतं अँटिबायोटिक कधीपासून चालू आहे, हेही हातात ठेवा. त्या मुलीच्या फाइलमध्ये ऑपरेशनची नोट नव्हती, आणि ती मागवण्यात अर्धा दिवस गेला.