अडतिसावं अक्षवृत्त आणि वडगावचे थोरात

कोल्हापुरात, राजारामपुरीत मी स्पर्धा परीक्षेच्या पोरांना जगाचा इतिहास शिकवतो. बाजारातल्या प्रश्नसंचांत एक प्रश्न ठरलेला: उत्तर आणि दक्षिण कोरियाची सीमा कोणती? उत्तर, 38 अंश उत्तर अक्षवृत्त. पोरं डोळे झाकून टिक करतात आणि पुढं जातात. मला हे बघवत नाही. मी फळ्यावर एक आडवी रेघ मारतो आणि तिला छेदणारी एक तिरकी. आडवी 1945 ची, जपान शरण येताना दोन अमेरिकन अधिकाऱ्यांनी नकाशा बघून घाईघाईत सुचवलेली. तिरकी 1953 ची, लढाई जिथं थांबली तिथली. आजची सीमा ही तिरकी. केसाँग शहर युद्धाआधी दक्षिणेत होतं, आज उत्तरेत आहे. सोक्चोचं बरोब्बर उलटं.

पहिल्या वर्षाची धावाधाव पोरांना आवडते. 25 जून 1950 ला उत्तरेचं सैन्य खाली उतरलं, तीन दिवसांत दक्षिणेची राजधानी सोल घेतलं. सप्टेंबरात दक्षिणेच्या मदतीला आलेला अमेरिकन सेनापती मॅकआर्थर इंचॉनला उतरला, सोल परत. मग उत्तरेच्या बाजूनं चीन उतरला, जानेवारी 1951 मध्ये सोल पुन्हा गेलं, मार्चमध्ये पुन्हा आलं. नऊ महिन्यांत एका राजधानीनं चारदा मालक बदलले.

त्यानंतर मात्र गाडं रुतलं. जुलै 1951 मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या आणि शस्त्रसंधी झाला 27 जुलै 1953 ला. मधली दोन वर्षं खंदक, तोफा आणि नंबर लावलेल्या टेकड्या. पोर्क चॉप हिल नावाच्या टेकडीसाठी अमेरिकनांनी किती माणसं घालवली, आणि शेवटी जुलै 1953 मध्ये, संधीला जेमतेम दोन आठवडे उरले असताना, ती सोडून दिली!

मागच्या बाकावरून राधानगरीकडचा एक गडी म्हणाला, “सर, रेघ तर ठरलीवती. मग दोन वर्षं लढत हुते कशापायी?”

कैद्यांपायी. 1949 च्या जिनिव्हा करारानुसार युद्ध थांबलं की कैदी परत पाठवायचे, सगळे. पण अमेरिकेच्या ताब्यातले हजारो चिनी आणि उत्तर कोरियन म्हणू लागले, आम्हाला परत जायचं नाही. त्या चिन्यांत बरेच चँग कै-शेकचे, म्हणजे कम्युनिस्टांकडून हरून तैवानला गेलेल्या नेत्याचे, जुने सैनिक होते. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन म्हणाले, जबरदस्तीनं कुणाला पाठवणार नाही. चीन म्हणाला, सगळे द्या. जमिनीचं भांडण मिटत आलं होतं, माणसांचं अडलं, आणि ते सुटेपर्यंत आणखी हजारो माणसं मेली. हा हिशेब मला आजवर पटलेला नाही.

तोडगा निघाला तो संयुक्त राष्ट्रांतल्या भारताच्या ठरावाच्या धर्तीवर. पाच तटस्थ देशांचा आयोग, अध्यक्ष जनरल थिमय्या. आणि कैदी सांभाळायला भारताची फौज, तिचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात. आपल्या जिल्ह्यातल्या वडगावचे. हे नाव घेतलं की वर्गात चुळबूळ होते. निवृत्तीनंतर हेच थोरात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले हे सांगितलं की पोरं सावरून बसतात!

दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा भारतावर इतका राग, की भारतीय सैनिकाचं पाऊल आमच्या मातीला लागू देणार नाही म्हणाले. मग काय, इंचॉन बंदरापासून निर्लष्करी पट्ट्यापर्यंत, म्हणजे दोन्ही फौजांमधल्या मोकळ्या पट्ट्यापर्यंत, आपले जवान अमेरिकन हेलिकॉप्टरांनी नेले. तिथं तारेच्या कुंपणाआड परत जायला नकार देणारे बावीस हजारांवर कैदी. सप्टेंबरात चिनी कैद्यांनी आपल्या एका मेजरला आत ओढून नेलं. थोरात स्वतः त्या जमावात शिरले, बोलत राहिले आणि त्याला सोडवून बाहेर आले. बंदुकीनं मेजर जिवंत मिळाला नसता, हे त्यांनी ओळखलं. नेहमीच असं निभावलं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुसऱ्या दंग्यांत आपल्या जवानांना गोळ्या झाडाव्या लागल्या, कैदी मेले.

नव्वद दिवस मिळाले होते. कैद्याला तंबूत आणायचं, त्याच्या देशाच्या माणसानं घरी चल म्हणून समजवायचं, मग त्यानं ठरवायचं. कित्येक जण तंबूत यायलाच तयार नव्हते. आत छावणीत कैद्यांच्याच टोळ्यांची दहशत. जो ‘घरी जातो’ म्हणेल त्याचा जीव धोक्यात. त्यामुळं या निवडीला मोकळी निवड म्हणायला माझी जीभ वळत नाही. परत गेले काही शेच. बाकीचे चिनी तैवानला, कोरियन दक्षिणेत. शिवाय 88 जण होते, त्यांना दोन्हीकडं नको होतं. ते फेब्रुवारी 1954 मध्ये आपल्याच फौजेबरोबर बोटीनं भारतात आले. पुढं त्यातले बरेच ब्राझील नाहीतर अर्जेंटिनाला गेले, मोजके इथंच राहिले.

शांतता करार अजून झालेला नाही. प्रश्नसंचात अडतिसावं अक्षवृत्तच छापून येतं. मी पोरांना सांगतो, परीक्षेत तेच टिक करा, मार्क घालवू नका.