लिदीची वाट पाहताना

आमच्या दवाखान्याच्या रजिस्टरात गाई, म्हशी, बकऱ्या आणि पोळा जवळ आला की बैल. घोडा क्वचितच. त्यामुळे फेब्रुवारीतल्या त्या रात्री दारव्ह्याच्या पुढच्या एका गावातून फोन आला, "साहेब, घोडी लोळून राह्यली, घडीघडी पोटाकडं पाहून राह्यली," तेव्हा मी गाडी काढता काढता कॉलेजातलं घोड्याचं प्रकरण आठवत होतो. एक गोष्ट पक्की लक्षात होती. घोड्याला ओकता येत नाही. आत अडकलेलं मागच्याच वाटेनं निघालं पाहिजे, नाहीतर जनावर जातं.

घोडी वरातीची होती. लग्नसराईत भाड्यानं जायची, एरवी बैलांच्या कोठ्यात बांधलेली. बैलांसमोरचं सोयाबीनचं कुटार तिनं हाणलं होतं आणि वरातीहून आल्यावर पाणी धड प्यायली नव्हती. कुशीला स्टेथोस्कोप लावला तर आतड्यांची गुरगुर जवळजवळ बंद. ठोके मिनिटाला ६० च्या वर, जे निवांत घोड्याचे ४० च्या आत असतात. हिरड्या मात्र अजून गुलाबी होत्या, म्हणजे आशा होती.

तिला अंगणात फिरवत होता एक म्हातारा. मालक पोराचा चुलत आजा. बाकीचे काठ्या घेऊन ओरडत होते, हा मात्र तिच्या डाव्या खांद्याशी चिकटून, दोर आखूड धरून चालत होता. तिचे गुडघे वाकायला लागले की मान वर उचलायचा आणि पाऊल न थांबवता पुढं न्यायचा.

"काका, द्या कोणाजवळ. थकाल."

"याहीले नाय जमत जी. लोळली तं आतडं पिळ घेईन."

फ्लुनिक्सिनचं, म्हणजे दुखणं कमी करणारं, इंजेक्शन दिलं. खरी कसोटी नाकातून पोटात नळी घालण्याची. नळी चुकून श्वासनलिकेत गेली आणि तेल फुप्फुसात उतरलं तर खेळ खलास. काकांनी न सांगता तिच्या वरच्या ओठाला सुतळीचा फास टाकून काठीनं पीळ दिला. घोडी पुतळा झाली. तिनं गिळलं, तेव्हा मानेच्या डाव्या बाजूला कातडीखालून नळी सरकताना दिसली. नळीला तोंड लावून हवा ओढून पाहिली, ओढली गेली नाही, म्हणजे नळी अन्ननलिकेतच होती. आधी पोटातलं काही उलट येतं का ते पाहिलं, मग लिक्विड पॅराफिन आणि कोमट पाणी ओतलं.

"हे कुठं शिकलात?"

"महालक्ष्मीले. सईस होतो ना मी."

१९७२ च्या दुष्काळात काकांनी मुंबई गाठली आणि महालक्ष्मी रेसकोर्सवर सईस म्हणून, घोड्यांची निगा राखत, आयुष्य तबेल्यात काढलं. आता लीद पडेपर्यंत वाट पाहण्याखेरीज मलाही काम नव्हतं. ते चालत होते, मी सोबत चालत होतो. मग स्क्वॉन्डरर या शर्यतीच्या घोड्याचा विषय निघाला. १९ शर्यतींत १८ जिंकलेला, १९७७ ची इंडियन डर्बी ही मानाची शर्यत मारलेला. तो यांच्या तबेल्यातला नव्हता, ट्रेनर रशीद बायरामजींचा. "पन पॅडॉकात फिरे तं आमी आपला घोडा धरून त्याच्याकडं पाहो." पांडू खाडे, वसंत शिंदे, पेसी श्रॉफ या जॉकींची नावं ते घरच्या माणसांसारखी घेत होते. पेसीनं ८ डर्ब्या मारल्या, हे त्यांनी बोटं दाखवून सांगितलं. घोड्यांचं तर कोणता कोणत्या पायानं आधी निघे, कोण ओट खाऊन लसूणघास टाकून देई, कोण चावे, सगळं तोंडपाठ. कोणत्या घोड्यावर किती पैसे लागले, हे मात्र एकदाही नाही.

मला शर्यत म्हणजे जुगार, एवढंच डोक्यात होतं. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं त्याला कौशल्याचा खेळ ठरवलं, हे मी शहाणपणानं सांगितलं. काका हसले. "कौशल्य घोड्याचं अन् पैसा मानसाचा."

मधे एकदा ते पुतण्यासोबत महालक्ष्मीला जाऊन आले होते. स्टँडात चष्मा कपाळावर चढवून रेसबुक वाचणारे म्हातारेच जास्त. तरुणाला खिशातल्या फोनवर क्रिकेट आहे, तो कशाला तिथं दुपार घालवील? त्यात २०१७ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी, सप्टेंबर २०२५ पासून तर ४०. शंभराचा नोट लावण्याआधीच कापला जातो, मग राहतं काय? २११ एकरांच्या रेसकोर्सातली १२० एकर जागा महापालिकेच्या उद्यानाकडं देण्याचं २०२४ मध्ये ठरलं. उद्यान व्हावं, मुंबईला हवंच आहे. पण सईसांच्या पोरांचं काय, हे त्या बातम्यांत मी कुठं वाचलं नाही.

मला खटकलं ते वेगळंच. आमच्याकडं शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, २०१४ मध्ये कोर्टानं बंद पाडला. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि तळेगाव दशासरला पुन्हा माणूस मावेना. म्हटलं, काका, बंदी येऊनही पट जगला, बंदी नसून रेस मरते, हे कसं?

"पटाचा बैल लोकायच्या वावरातला हाय. रेसचा घोडा शेठचा. जितला तं शेठचा फोटू, मेला तं आमी रडो."

यावर मला उत्तर सुचलं नाही. घोडी तेवढ्यात वारा सोडू लागली होती आणि त्या घडीला मला त्याचंच जास्त कौतुक होतं.

पहाटे लीद पडली. आधी खडे, मग तेलानं चकाकणारी ओली. ठोके उतरले, कुशीत गुरगुर परतली. कुटार बंद, पाणी समोर ठेवा, थोडं थोडं हिरवं द्या, असं सांगून मी हात धुतले. पोरगा घुटमळत होता.

"साहेब, परवा वरात हाय. इसार घेतला मी."

"आठ दिवस तिच्यावर कोणी बसायचं नाही."

त्याचं तोंड उतरलं. दोर अजून हातात धरूनच काका म्हणाले, "वापस करून टाक त्याहीचा इसार. नवरदेव मोटरसायकलवर गेला तरी लगन लागते."