डाव्या कल्ल्याची खूण

दक्षिण आफ्रिकेतल्या गान्सबाईहून निघणाऱ्या एका बोटीवर मी शार्कच्या नोंदी ठेवते. बोट पर्यटकांची, पिंजऱ्यातून शार्क पाहायला आलेल्यांची. फक्त संशोधनासाठी रोज बोट काढायची तर खर्च झेपत नाही. ही मात्र समुद्र शांत असला की निघतेच. रोजच्या नोंदी साठत गेल्या तरच कुठली शार्क परतली आणि कुठली दिसेनाशी झाली ते कळतं.

त्या जूनमध्ये कित्येक दिवस ग्रेट व्हाइट शार्क दिसलीच नव्हती. तपकिरी कॉपर शार्क यायच्या, पाचपाच-सहासहा. पाहुणे खूश असायचे. मला मात्र ग्रेट व्हाइटचा रिकामा रकाना छळायचा. 1991 मध्ये या देशानं तिला कायद्याचं संरक्षण दिलं. 2017 मध्ये याच किनाऱ्यावर तिचे मृतदेह वाहून आले ते यकृत नसलेले. ते काम ओर्का देवमाशांचं होतं, आणि ओर्का येऊन गेल्या की ग्रेट व्हाइट हा भाग सोडून जातात. तेव्हापासून दिसलेली प्रत्येक शार्क मला मोलाची वाटते.

त्या दिवशी पाणी 14 अंश, हिरवट, जेमतेम तीन मीटरपर्यंतचं दिसत होतं. माशांचा चुरा आणि तेल पाण्यात सोडून तासभर झाला असेल. आमिषाची दोरी धरलेला सहकारी एकदम ओरडला. कॉपर शार्क क्षणात पांगल्या, आणि त्यांच्या जागी एक रुंद, राखाडी पाठ वर आली.

डेकवरून मी भराभर फोटो घेतले. पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेला खाचा असतात, आणि त्या प्रत्येक शार्कच्या वेगळ्या. 2003 मध्ये इथे टॅग लावलेली निकोल नावाची ग्रेट व्हाइट ऑस्ट्रेलियापर्यंत गेली आणि पुढच्या वर्षी परत आली. ती परत आल्याचं ओळखलं गेलं ते पराच्या फोटोवरूनच. पण या शार्कचा पर वरून तुटला होता. खाचांची कड चिंध्या झालेली, आतलं मांस पांढरंगुलाबी. कशानं तुटला, काही कळेना. एवढं खरं, की खाचांवरून आता ही ओळखू येणार नव्हती.

मी वेटसूट घातला, वजनाचा पट्टा बांधला आणि पिंजऱ्यात उतरले.

पिंजरा बोटीच्या कडेला बांधलेला असतो आणि त्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहतो. पाठीवर सिलिंडर नसतो. वरून हाक आली की श्वास रोखून खाली जायचं, दम संपला की वर. मला हवे होते कल्ले. तिथे पाठीचा राखाडी रंग संपून पोटाचा पांढरा सुरू होतो आणि ती सीमारेषा प्रत्येकीची निराळी असते. शिवाय डावी आणि उजवी बाजू सारखी नसते. आमच्या जुन्या फोटोंमध्ये डाव्या बाजूच जास्त होत्या.

ती तीनदा आली. तिन्ही वेळा उजवी बाजू!

मी डोकं वर काढून सहकाऱ्याला म्हटलं, "आमिष दुसऱ्या बाजूनं ओढ, मला डावी बाजू हवी आहे." तिच्या तोंडी आमिष लागू द्यायचं नाही, हा इथला नियम. त्यामुळे ती जवळ येताच दोरी झटकन खेचावी लागते. तो नेमका अंदाज त्याला होता. चौथ्यांदा ती आमिषाच्या मागे वळली आणि पिंजऱ्याच्या गजांसमोरून, हातभर अंतरावरून, डाव्या बाजूनं गेली. आधी डोळा दिसला. लांबून तो काळाभोर वाटतो, पण बुबुळ गर्द निळं असतं. मग पाच कल्ले, एकामागून एक. तिसऱ्याच्या टोकाशी पांढऱ्यात उतरलेला राखाडी ठिपका, आणि त्याच्या खाली छोटी जीभ काढावी तशी एक रेघ. पोटाखाली नराचे अवयव नव्हते, म्हणजे मादी. कॅमेरा स्थिर धरायच्या नादात छाती फुटायची वेळ आली तरी मी वर गेले नाही. शेपूट एकदा हलली आणि हिरव्या पाण्यात ती विरून गेली. पुन्हा आली नाही.

संध्याकाळी जुने फोटो उघडले. डाव्या कल्ल्यांचे फोटो एकेक करून लावत बसले. बाहेर अंधार पडला तेव्हा चार वर्षांपूर्वीच्या एका नोंदीशी थांबले. तोच ठिपका, तीच रेघ. तेव्हा पर अख्खा होता, मागच्या कडेला दोन खोल खाचा. तेव्हाची अंदाजे लांबी 2.8 मीटर, आज आम्ही 3.4 धरली होती.

सहकाऱ्याला उठवून स्क्रीन दाखवला. तो बराच वेळ दोन्ही फोटो पाहत राहिला, मग म्हणाला, "तीच आहे."

नोंदीत जुनाच क्रमांक लिहिला. लिंगाच्या रकान्यात चार वर्षं प्रश्नचिन्ह होतं, ते खोडून 'मादी' लिहिलं. पराच्या रकान्यात लिहिलं: वरचा भाग तुटलेला, जखम ताजी, पोहणं नेहमीसारखं.